जरा जास्तच मजबूत झालेलं विमान

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे, पण माझ्यात आजवर एकही माणूस बसलेला नाही. बसणार तरी कसा? माझा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दीड मीटर. मी रिमोटवर उडतो. मला शिकाऊ विमान म्हणतात, म्हणजे ज्यांना उडवता येत नाही त्यांच्याच हाती मला देतात. हा मान आहे की शिक्षा, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

माझा जन्म एका खोक्यातून झाला. आत हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, एक मोटर आणि घडी घातलेला नकाशा. ते खोकं एका लेकीनं आपल्या बाबांसाठी आणलं. लेक म्हणजे लहान नव्हे हं, चांगली पस्तिशीची. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा तिचा व्यवसाय. त्यामुळे कानस, पॉलिश पेपर, बारीक ड्रिल ही हत्यारं तिच्या हातात बसलेली. पंधरा संध्याकाळी खपून तिनं मला जोडलं.

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण डावा हात अशक्त राहिला, थरथरू लागला. दिवसभर ते खिडकीशी खुर्ची टाकून रहदारी बघत बसत. कुणी काही विचारलं तर "माझं काय आता" एवढंच म्हणत. हाताला काही काम द्या, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते काम म्हणून मी त्या घरात आलो.

रिमोटच्या डाव्या दांडीवर बाबांचा अंगठा ठरेना. लेकीनं कवळीच्या गुलाबी प्लॅस्टिकचं एक खोलगट टोपण बनवून दांडीवर बसवलं. बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"कुणाच्या हिरड्या गं या?"

कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणी विनोद केला होता. लेक हसली आणि उगाचच बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन आली.

दर रविवारी आम्ही मैदानावर जायचो. तिथे एक मास्तर विमान उडवायला शिकवतात. त्यांच्याकडे दुसरा रिमोट असतो. शिकणाऱ्याची गडबड उडाली की ते त्यावरचं बटण दाबून विमान आपल्याकडे घेतात. मैदानाचा नियम असा की मास्तरांनी हात न लावता तीनदा उडवून तीनदा उतरवून दाखवायचं, मग एकट्यानं उडवायची मोकळीक. बाबांना तेच हवं होतं. गेलं वर्षभर त्यांना कुणी एकट्यानं काही करू दिलं नव्हतं.

पण मी सारखा आपटायचो. आणि जिथं मोडायचो तिथं लेक दुप्पट डागडुजी करायची. शेपटी मोडली, तिनं दोन्ही बाजूंनी कार्बनच्या काड्या चिकटवल्या. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर गोंदाचे तीन हात. माझा पंख पाठीवर आठ रबरबँडनी बांधलेला असे. ते तिला अगदीच पोरकट वाटलं. मास्तर नको म्हणत असतानाही तिनं रबरबँड फेकून दिले आणि पंख चार पोलादी बोल्टांनी आवळून टाकला. खरं सांगतो, मी तेव्हा भलताच फुशारलो होतो. मैदानावरचे लोक मला 'ठोकळा' म्हणू लागले, तेही मला कौतुकच वाटलं.

पुढच्या रविवारी मी उडालो आणि माझं नाक काही खाली येईना. मी डुलू लागलो. लेक नेहमीसारखी ओरडली, "मास्तर, घ्या ना तुमच्याकडे!" मास्तरांनी घेतलं, पण मी त्यांनाही आवरलो नाही. पंखाचं टोक जमिनीला लागलं. बोल्ट काही सुटले नाहीत, पंखही सुटला नाही, आणि सगळा हिसका बसून माझी पाठ उभी फाटली.

"पुरे झालं," बाबा म्हणाले. "टाक ते माळ्यावर."

माळ्यावर मी तीन आठवडे धूळ खात पडलो. खाली खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली होती. मला स्वतःपेक्षा त्या खुर्चीचंच जास्त वाईट वाटे.

अखेर लेकीला राहवलं नाही. तिनं मला खाली काढलं, पाठ सांधली आणि वर पुन्हा कापड लावायला घेतलं. बाबा तिरक्या नजरेनं बघत होते. एकाएकी उठले, नकाशात दाखवलं होतं तसं तोल बघायला पंखाखाली दोन बोटं धरून त्यांनी मला उचललं. माझी शेपटी धाडकन खाली गेली.

"अगं, सगळे पॅसेंजर मागच्या बाकावर बसवलेस की! अशी गाडी हातात राहते का कधी?"

"मोडू नये म्हणून केलं, बाबा."

"बंपर कशाला असतो बसला? तो चेपतो म्हणून आतली माणसं वाचतात. याचं काहीच सुटू द्यायचं नाही म्हणालीस, मग पाठ फाटणारच."

लेकीनं गोंदाची नळी खाली ठेवली. मग तिनं ड्रिल काढलं. त्या दिवशी माझ्या अंगावरून पाव किलो गोंद आणि कापड उतरलं. मजबुती राहिली ती तीनच जागी: पंखाच्या पोटात एक कार्बनची काडी, पंखाचे दोन भाग जुळतात तिथं कापडाची पट्टी आणि चाकांवर प्लायवुडचा तुकडा. बॅटरी नाकाकडे सरकली. बोल्ट गेले, रबरबँड परत आले. ते बाबांनी डाव्या हातानं ताणून लावायला घेतले. एक सुटून त्यांच्या नाकावर बसला. लेक मदतीला धावली, तर म्हणाले, "राहू दे, राहू दे." आठ रबरबँडना चाळीस मिनिटं लागली.

काही रविवारांच्या सरावानंतर तीन उड्डाणांची परीक्षा ठरली. त्या दिवशी पहिल्यांदा मी छान उतरलो. दुसऱ्यांदा दोन उड्या मारल्या, पण उतरलो. तिसऱ्यांदा आडवा वारा सुटला. मी खाली येत असताना माझा एक पंख कलला. लेकीनं ओरडायला तोंड उघडलं आणि स्वतःच हातानं दाबून धरलं. मास्तरांचं बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं नाही.

"स्टॉप आलाय," बाबा पुटपुटत होते, "वेग कमी कर... कमी कर..."

मी एका चाकावर टेकलो. पंखाचं टोक गवताला लागलं, रबरबँड तटातट तुटले आणि पंख बाजूला जाऊन पडला.

"आधी विमान उतरलं, मग पंख उतरला," मास्तर म्हणाले. "माझ्या हिशेबानं तीन झाले."

लेक मला आणायला निघाली.

"थांब," बाबा म्हणाले. "आता ते माझं मी आणतो."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याची काळजी जरूर घ्या. त्याचे स्क्रू तपासा, झिजलेले रबरबँड बदला. मात्र मोडेल या भीतीनं त्याला कवटाळून बसू नका. माळ्यावर आजवर कुणीही आपटलेलं नाही, पण उडालेलंही नाही.

बाबांना माझ्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला. गवत उंच होतं, जमीन खडबडीत होती आणि धरायला कुणाचा हात नव्हता. त्यांनी मला एका बगलेत घेतलं, पंख दुसऱ्या बगलेत, आणि मागे वळून ओरडले, "काही मोडलं नाही गं!" लेक होती तिथंच उभी होती. ती रडत होती आणि जोरजोरात टाळ्या वाजवत होती.