पर्मनंटांची शीट

आमचे हे, पोपटराव, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत युनियनचे लीडर. लीडर म्हंजी काय, तर कडक इस्त्रीची पांढरी पँट, खिशाला दोन पेनं आन् तोंडात कायम "सायबाला असा सुनावला". घरात गॅसची टाकी संपली तर बदलायला मलाच उठावं लागतंय, ती गोष्ट निराळी.

अठ्ठ्याण्णव सालात युनियननं कंपनीबरं करार केला. दौंडात हलगी वाजली, ह्यांना खांद्यावर घिऊन नाचले. घरी आले तवा कानात सुदिक गुलाल. म्या इचारलं, "एवढं काय मिळालं?"

"पगार दणकून वाढला."

"आन् बदल्यात काय दिलं?"

"काय न्हाई गं. हितनं पुढं नवी भरती ठेकेदाराकडनं. नव्यांना निम्मा पगार, पर्मनंट कुनालाच करायचं न्हाई. आपलं काय जातंय?"

आपलं काय जातंय! आमचा दत्ता तवा दहावीला. तितंच भिंतीला टेकून भूगोल पाठ करत हुता. म्या त्याच्याकडं बोट केलं. "आन् ह्याचं काय?"

"लीडरचं पोरगं हाय ते. त्याला कोन आडवतंय?"

घ्या! दाराला कुलूप लावलं, किल्ली सायबाच्या हातात दिली, आन् पोरगं आजून भाईरच हाय हे ह्यांच्या गावीच न्हाई. आसल्या मानसाला लोकं हार घालत हुती.

सुरवातीला ठेकेदाराकडं लागली ती समदी बौद्धवस्तीतली न्हाईतर बिहारची पोरं. मग कुनाच्या पोटात दुखनार? उलट मस्ती चढली. कमिटीत बसून ह्यांनी आनखी दोन नियम काढले. कंपनीच्या बसमधी ठेकेदाराच्या मानसानं शीटवर बसायचं न्हाई, रिकामी आसली तरी. आन् कँटीनला पर्मनंटवाले जेवून उठल्याबिगर त्यानं ताटाला हात लावायचा न्हाई. सायबाच्या सुदिक डोक्यात हे आलं नव्हतं. कामगारांनीच कामगारांसाठी शोधून काढलं. काय ती बुद्धी!

वस्तीतल्या जाईबाईचा सम्राट, आयटीआय केलेला फिटर. रातपाळी करून येताना एकदा रिकाम्या शीटवर टेकला, तर ह्यांनी कॉलरला धरून उठवला. वर घरी येऊन मिशीवर हात फिरवत मलाच सांगितलं.

"लई मोठी लढाई मारली," म्या म्हनलं.

"तुला त्यातलं काय कळतंय?"

न्हाईच कळत बाई मला. मी काय लीडर हाय व्हय?

दत्तानं पन पुढं आयटीआय केलं. लय दारं झिजवली, नोकरी काय मिळंना. शेवटी हे पेढ्याचा पुडा घिऊन आपल्याच कंपनीच्या सायबाकडं गेले. सायबानं पेढा खाल्ला आन् हसला. "पोपटराव, करारावर सही तुमचीच हाय की." पोरगं ठेकेदाराकडंच लागलं.

पहिल्या दिवशी मी स्टॉपवर गेले, दत्ताच्या हातावर दही घातलं. बस आली. हे पुढच्या शीटवर खिडकीशी बसले आन् शेजारच्या शीटवर डबा ठेवला. दत्ता त्यांच्यावरनं माघं गेला, उभ्या पोरांत. सम्राट सरकला, वरच्या दांडीवरचा हात बाजूला घिऊन त्यानं दत्ताला जागा केली. ज्याची कॉलर धरली हुती, त्यानं.

मला काय ऱ्हावलं न्हाई. "अवो, डबा मांडीवर घ्या की! पोराला बसू द्या!"

आतनं ह्यांचा चमचा, बाळासो, वरडला, "वैनी, नियम हाय. लीडरच मोडाय लागला तर कसं व्हायचं?"

आन् आमचे लीडर? सायबाला सुनावनारे? खिडकीतनं पलीकडं बघत बसले, जसं काय तिकडं कुनी नाचतंय. माज्याकडं मान सुदिक वळवली न्हाई. लाज वाटली मला, ह्या मानसाचं कुकू लावते म्हनून.

सांच्याला दोघंबी घरी आले. म्या दोन ताटं वाढली. हे बसले. दत्ता भिंतीला टेकून उभाच.

"बस की रं," म्या म्हनलं.

"आप्पांचं होऊ दे," दत्ता म्हनला. टोमना न्हाई, राग न्हाई, साधं म्हनला. "तितं तसंच हाय. सम्राट म्हनला, सवय करून घे, म्हंजी तरास हुत न्हाई."

म्या ह्यांच्याकडं बघितलं. वाटलं, आता तरी हा मानूस ताट सारंल. न्हाईतर पोराला हाताला धरून खाली बसवंल. काय न्हाई तर निदान डोळं तरी भरतील.

ह्यांनी वांग्याची फोड भाकरीत घेतली. "मीठ कमी पडलंय," म्हनले.

दत्तानं मिठाची वाटी आनून दिली आन् परत भिंतीला टेकून उभा ऱ्हायला. हे ताट पुसून जेवले.