सव्वा तासाचं विमान आणि माझे चार तास

मी एक जुनी जीप आहे. मुकुटबनजवळच्या एका तांड्यात राहते. आता माझ्या सीटवर कोंबड्या बसतात, पण मित्रांनो, एके काळी तांड्यातली एकही वरात माझ्यावाचून निघत नसे! कापूस नेला, बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले. मग घरोघरी मोटरसायकली आल्या आणि मला कोणी पुसेनासं झालं.

त्या दिवशी मात्र माझीच आठवण झाली. माझे मालक देवीलाल यांच्या मुलीला, बबिताला, पुण्याच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. पत्र उशिरा आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. रेल्वेत जागा नव्हती, म्हणून नागपूरहून चारचं विमान.

"सहाशे किलोमीटर, अन् सव्वा तासात!" देवीलाल साऱ्यांना सांगत होते. "कायले घाई करता?"

अहो, सव्वा तास विमानाला! नागपूरपर्यंत मला चार तास लागतात, त्याचं काय? पण माझं कोण ऐकतो! निघताना बायकांनी बबिताच्या गळ्यात पडून ढावलो सुरू केला. लेक सासरी जाताना आमच्याकडे रडत गायचं हे गाणं. नोकरीला निघाली तरी पोरगी तांडा सोडतेच ना! ते मध्येच तोडायची कोणाची छाती? नऊला निघायचं, ते साडेदहा झाले. त्या गडबडीत माझ्या रेडिएटरमध्ये पाणी घालायचं राहून गेलं.

नागपूरच्या अलीकडे, बुटीबोरीला मी फणफणले. बॉनेटमधून वाफ निघाली. माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. माझ्यापायी पोरीची नोकरी गेली तर?

"बा, तीन वाजता खिडकी बंद होते!" बबिता रडकुंडीला आली.

"मले वाटलं, एसटीसारखं येनवेळी चढता येते," देवीलाल पुटपुटले.

बबिताच्या आईनं, लालीबाईंनी, इंजिन निवू दिलं. मग प्यायला आणलेलं सगळं पाणी माझ्यात ओतलं आणि म्हणाल्या, "चाल वो माय, एवढं पोचवून दे." मी धडधडत निघाले.

तीनला पाच मिनिटं कमी असताना बबिता आत पळाली. तिकिटाशिवाय कोणाला आत सोडत नव्हते. तिच्या फोनची चार्जिंग वाटेतच संपली होती. चार वाजून गेल्यावर एक विमान डोक्यावरून गेलं. त्यात ती होती का? कोण सांगणार! बराच वेळ ती बाहेर आली नाही, तेव्हा आम्ही परत फिरलो. 

जांब हे गाव आमच्या निम्म्या वाटेच्याही अलीकडे; तेही यायच्या आधीच अनोळखी नंबरवरून फोन आला. लालीबाईंनी तो घाईघाईनं उचलला.

"याडी, मी पुन्यात पोचली! एका ताईचा फोन हाय." आमच्याकडे आईला याडी म्हणतात.

लालीबाई हसल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. "आपुन अजून जांबलेबी नाही आलो, अन् माही पोरगी इतक्या दूर गेली?"

मित्रांनो, विमानाचा वेळ मोजाल तेव्हा घरापासूनचा रस्ताही मोजा, आणि माझ्यासारखीचं पाणी आधी बघा. अन् पोचलात की लगेच फोन करा. तुम्ही सव्वा तासात पोचता. तुम्हाला सोडायला आलेले अजून रस्त्यातच असतात.