पंख्याखालचं सरकार

सातवीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास म्हणजे जेवणानंतरची सरकारमान्य झोप. सरांचाही तिला विरोध नव्हता. सतरा वर्षं 'स्थानिक शासन' वाचून दाखवताना तेही अधूनमधून डुलकी घेत. पण मोठ्या बाईंनी बजावलं की शुक्रवारी त्या तास बघायला येतील आणि पोरं पेंगताना दिसली, तर पुढच्या आठवड्यापासून हा तास गणिताला. गणिताचे सर तर आतापासूनच फळ्याची लांबी न्याहाळून गेले.

सरांनी पुस्तक मिटलं. वर्गात पंखा एक, डोकी अठ्ठेचाळीस. त्यांनी पंखाच वर्गाच्या हवाली केला : निवडणूक घ्या, समिती नेमा, वारा वाटा.

'वारा सर्वांना' अशी घोषणा देत वर्गातला पैलवान अध्यक्ष झाला आणि दुसऱ्याच दिवशी समितीसह पंख्याखाली जाऊन बसला. सरांनी कपाळाला हात लावला. नियम करायचे राहूनच गेले होते. ते त्याला उठवणार, इतक्यात चष्मेवालीने विचारलं, निवडून दिलेल्याला काढता येतं का. पुस्तकात असेल, सर म्हणाले. सतरा वर्षांत प्रथमच वर्गात न सांगता पानं उलटली.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या तेव्हा अविश्वास ठराव ऐन रंगात होता. पेंगत कुणीच नव्हतं, पण याला तास म्हणायचं की बाजार, हा प्रश्न बाईंच्या भुवयांवर चढला होता. त्या तोंड उघडणार, तोच चष्मेवाली म्हणाली, "बाई, मागे बसा. सभासद नसेल त्याला बोलता येत नाही."

बाई मुकाट्याने शेवटच्या बाकावर बसल्या. तिथे वारा कधी फिरकलाच नव्हता.

ठराव मंजूर झाला. नवा नियम ठरला : रोज एक ओळ पंख्याखाली सरकणार. घाम पुसत बाईंनी हात वर केला.

"या बाकाची पाळी कधी?"

"गुरुवारी. पण तुम्ही सभासद नाही."

"मग अर्ज कुणाकडे करायचा?"

सोमवारी वेळापत्रक जसंच्या तसं होतं. सरांच्या टेबलावर मोठ्या बाईंचा अर्ज होता : दर शुक्रवारी या तासाला बसण्याची परवानगी मिळावी. सर सही करायला गेले, तर चष्मेवालीने कागद काढून घेतला.

"आधी सभेपुढे ठेवू, सर."

सरांनी पेनाला टोपण लावलं.