दाराची आतली बाजू

वर्डेल मॉस्बीनं पडद्याच्या भोकाला डोळा लावला आणि एक सणसणीत शिवी हासडली. समोर टोप्याच टोप्या. रविवारची प्रार्थना आटोपून माउंट नेबो चर्चच्या बायका गाडीतून थेट थिएटरात उतरल्या होत्या. पिसांच्या, जाळीच्या, ताटाएवढ्या टोप्या घालून. त्यातली जांभळी टोपी तिच्या आईची होती.

"क्लीओफस, आजचा प्रयोग रद्द कर."

क्लीओफस बॅनर हा नाटक कंपनीचा मालक, दिग्दर्शक, आणि संडास तुंबला तर तो मोकळा करणाराही तोच. टायची गाठ मारता मारता तो हसला.

"अख्खं चर्च माझ्या थिएटरात येऊन बसलंय, आणि रद्द कर म्हणतेस? त्या टोप्यांमागून कुणाला दिसणार नाही, एवढीच मला काळजी आहे."

"माझी आई आहे त्यांच्यात."

"मग जा, गळ्यात पड तिच्या."

"नाटक लॉन्ड्रीतल्या बायकांवर आहे, असं सांगून ठेवलंय मी तिला."

क्लीओफसचे हात गाठीवरच थांबले. नाटक त्याला पाठ होतं.

नाटक होतं लॉन्झोवर, वर्डेलच्या धाकट्या भावावर. नशेपायी त्यानं आईचा टीव्ही विकला, मग मेलेल्या बापाचं घड्याळ, मग आईची लग्नातली अंगठी. आईनं त्याला घराबाहेर काढलं. जानेवारीतल्या एका रात्री तो येऊन दार ठोठावत राहिला. दार उघडलं नाही. सकाळी तो कोपऱ्यावरच्या बस थांब्यावर गोठलेला सापडला. आई पोलिसांना म्हणाली, मी झोपले होते. नातेवाइकांनाही तेच म्हणाली. टकटक रस्त्यापलीकडच्या घरात ऐकू गेली होती. वर्डेल तेव्हा नवऱ्याबरोबर अटलांटाला होती. माहेरी क्लीव्हलंडला परतली ती राग घेऊनच, आणि हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत परक्यांच्या चादरी उकळताना इतकी वर्षं तिनं तो विझू दिला नव्हता. त्या रागाचंच तिनं नाटक केलं होतं.

शहराच्या मधोमध असलेल्या मोठ्या, गोऱ्यांच्या थिएटरनं ते वाचलं होतं. लिखाण जबरदस्त आहे, म्हणाले, पण शेवटी थोडी आशा हवी. काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून दर फेब्रुवारीत त्यांना एक काळं नाटक लागतं, आणि त्या नाटकाच्या शेवटी सगळ्यांना माफ करून गाणारी एक काळी आई लागते. वर्डेलनं कागद उचलले आणि इथे आणले. क्लीओफसनं एक शब्द बदलला नव्हता.

"मध्यंतरात तिला बाहेर बोलावू?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"आणि काय सांगू? की तुला चारचौघांत उभी केलीय?"

"हे लिहिताना नाही सुचलं तुला?"

"लिहिताना ती समोर बसलेली नव्हती."

क्लीओफसनं टाय नीट केला आणि प्रेक्षकांचं स्वागत करायला पडद्याबाहेर गेला.

लॉन्झो रंगमंचावर येतच नाही. त्याची फक्त टकटक येते, आणि ती वर्डेल करायची. शेवटच्या प्रवेशात नेपथ्यातल्या दारामागे उभं राहून ठोठावायचं. आतली आई कूस बदलते. मग जड बूट वाजवत लाकडी फळीवरून चालत जायचं. पावलं दूर गेली की दिवे विझतात. नाटक संपतं.

पहिला अंक जोरात गेला. आईचं काम ओझेला ग्रीअर करत होती. या गल्लीतली जुनी, मुरलेली नटी. तिनं कपाटातली डबी उघडली, अंगठी नाही, तशी एक टोपी ओरडली, "माझ्या पुतण्यानं तर दाराची मूठ विकली होती!" थिएटर हसून लोळलं. ओझेलानं डबी तिच्याकडे वळवून दाखवली. पुन्हा हशा. मोठ्या थिएटरात असं बोललात तर अंधारात येऊन तोंडावर बॅटरी मारतात. इथे लोक गप्प बसले तर नट घाबरतात.

मध्यंतरात वर्डेल विंगेतून हललीच नाही. गेली असेल आई, असं तिला वाटलं. पुन्हा भोकातून बघितलं. जांभळी टोपी जागच्या जागी होती.

शेवटचा प्रवेश आला. पायांत बूट चढवून वर्डेल दारामागे उभी राहिली आणि तिनं ठोठावायला सुरुवात केली. फटीतून तिला दिसलं, ओझेलानं रजई डोक्यावरून ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"उघड की गं, बये! पोटचं पोर आहे तुझं!" कुणीतरी कळवळून ओरडलं.

"ऊठ! ऊठ म्हणते ना!"

वर्डेलनं आणखी जोरात ठोठावलं. हेच तिला हवं होतं. हे आईला कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि आईनं ते बसून ऐकायला हवं होतं.

"झोपली नव्हती ती."

आवाज मोठा नव्हता. वर्डेलची मूठ हवेतच राहिली.

"बोला, मदर मॉस्बी!" मागून कुणीतरी उत्साहानं म्हणालं. चर्चमध्ये वर्डेलच्या आईला सगळे याच नावानं हाक मारत.

"दाराशी उभी होती ती. अनवाणी. कडीवर हात ठेवून."

"खरंय!"

"उघडू नकोस, म्हणून सगळ्यांनी बजावलं होतं तिला. दार उघडशील तर त्याची नशा सुटायची नाही, पोराला तूच मारशील, असं म्हणाले. पास्टर म्हणाले. तू म्हणालीस, लुव्हिनिया, माझ्या स्वयंपाकघरात बसून."

यावर "खरंय" कुणी म्हणालं नाही, शेजारच्या टोपीतली लुव्हिनियाही नाही.

प्रेक्षकांतून आलेला शब्द ओझेलानं उभ्या जन्मात कधी खाली पडू दिला नव्हता. तिनं रजई बाजूला सारली. पायांतल्या सपाता काढल्या. अनवाणी चालत ती दारापाशी आली आणि तिनं कडीवर हात ठेवला. मधे पातळ प्लायवूड तेवढं होतं. पलीकडचा श्वास वर्डेलला ऐकू येत होता.

ओझेला थांबली. तिनं कडी काढली नाही, आणि परतही गेली नाही.

पलीकडच्या विंगेतून क्लीओफस हात हलवत होता. चाल, चाल. आता पावलं. वर चढून बसलेला दिवेवाला त्या पावलांसाठीच कान लावून बसला होता.

वर्डेलनं एक पाय उचलला. तो होता तिथेच परत ठेवला, आवाज होऊ न देता. मग ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

पावलं वाजल्याशिवाय दिवे विझणार नव्हते. ते जळत राहिले.