तापीपार तीन नवरदेव

तापीपलीकडच्या बोरटेकला वीज जायची ती तीन तारांवरून, आणि या तारांचं वय झालं होतं बेचाळीस. पुढे नदीवर बंधारा झाला, पाणी वर आलं. तारा त्याच सुमारास खाली येऊ लागल्या. दोघांची भेट आता होणार की मग, एवढंच उरलं होतं. लोटन नावाडी त्यांच्याखालून नाव नेताना बांबू आडवा ठेवायचा आणि कमरेत वाकायचा. परगावच्या लोकांना वाटायचं, तापीमाईला नमस्कार करतोय.

शेवटी तारा बदलायचं ठरलं आणि काम दिपमालाकडे आलं. ही असोद्याची, वय अठ्ठावीस, कनिष्ठ अभियंता. नदी ओलांडणारं तिचं हे पहिलंच काम. सकाळी सात ते संध्याकाळी पाच वीज बंद ठेवायची परवानगी मिळाली होती. तेवढ्यात जुन्या तारा उतरवायच्या आणि नव्या चढवून वीज सोडायची. जुन्या एकदा कापल्या की मागे फिरायला जागा नाही. पाचची वेळ हुकली तर पुढची परवानगी आठ दिवसांनी, आणि तोवर बोरटेक धरून सात गावं अंधारात.

ठेकेदाराची माणसं कोकणातल्या खाड्यांवर तारा ओढून आलेली. तिथे भरती आली की काम थांबतं. तापीला भरती नाही म्हणून ती खुशीत होती. खानदेशात काम कशाने थांबतं, हे त्यांना अकरा वाजता कळलं.

अलीकडच्या काठावर गावाने भरीत मांडलं होतं. पौष महिना, हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ. भाजलेली वांगी लाकडी बडगीत घालून भिकुबाई अक्का मुसळीने ठेचत होत्या. त्या ठोक्यांपुढे ठेकेदाराचं मशीन लाजत होतं. जुन्या तारा नुकत्याच उतरल्या होत्या. तारांच्या मनोऱ्यावर जीवराम, वीज कंपनीचा सर्वांत जुना वायरमन, कमरेचा पट्टा अडकवून बसला होता. वास वरपर्यंत पोचला असावा. तो अधूनमधून खाली बघत होता आणि त्याच्या नजरेत कामाचं काही नव्हतं.

"ताई, बठ्ठा जन खाले बलाव," अक्का म्हणाल्या. "भरीत व्हयी गयं."

"अक्का, पाचनंतर बसू ना."

"पाच वाजता? उपाशी पोटे मानसं खांबवर चढाडतंस? लोके काय म्हनतीन आमले?"

दिपमाला असोद्याची, म्हणजे भरिताच्याच गावची. भरिताला नाही म्हणणं म्हणजे काय, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. आणि हेही ठाऊक होतं, की भरीत खाऊन मनोऱ्यावर चढता येत नाही. चढलाच कोणी तर वर झोपतो. तिने काठावरच्या नव्या तारांच्या तीन रिळांकडे बोट केलं.

"अक्का, लग्न लागायच्या आधी पंगत बसते का?"

"नही बसत."

"हे नवरदेव अजून नदीच्या अलीकडेच आहेत. नवरीकडची मंडळी पल्याड उन्हात उभी आहेत. आणि आपण जेवायला बसायचं?"

अक्कांनी मुसळी बाजूला ठेवली. प्रश्न रीतभातीचा निघाला होता, तिथे भुकेचं काय चालणार?

"भरीत झाकी ठेवा वं!" त्यांनी बायकांना हाक दिली. "लगीन बाकी शे!"

लोटन पातळ दोर नावेत घेऊन निघाला. दोरामागे जाडा दोर आणि त्यामागे तार, अशी वरात होती. पल्याड मशीन न्यायला रस्ता नव्हता, म्हणून दोर ओढायला बोरटेकचे साठ लोक उभे होते, आणि त्यांचे पुढारी सुपडू आबा. वरातीची बातमी नावेच्या आधी फोनवरून पोचली होती.

"पोरी, नवरदेव निंघना का?" आबांनी फोन केला.

"निघाला आबा. तीन आहेत."

"एक मांडवमा तीन?"

"सख्खे भाऊ आहेत."

"मंग ठीक शे," आबा म्हणाले, आणि पल्याड ढोल वाजू लागला.

ज्यासाठी एरवी संध्याकाळपर्यंत मिनतवाऱ्या कराव्या लागल्या असत्या, ते काम बोरटेकने दोन तासांत केलं. एकही तार पाण्याला टेकली नाही. मात्र शेवटची तार आल्यावरही कोणी दोर सोडेना. तार मधे थोडी वाकलेली दिसत होती आणि असा ढिला नवरदेव गावाला पसंत नव्हता.

"अजून वढा रे!" फोनमध्ये आबांचा आवाज आला. "ढिल्ली शे, गावनी इज्जत जाई!"

"आबा, थांबवा!" दिपमाला ओरडली. "पहाटेच्या थंडीत तार आखडते. आत्ताच ताणली तर तुटून पाण्यात जाईल. तिला झोल लागतो!"

ढोल थांबला. जीवरामने वरून तारेला हाताच्या तळव्याने एक थाप दिली. थापेची लाट तारेवरून नदीपार गेली, पल्याडच्या मनोऱ्याला लागली आणि परत येऊन त्याच्या बोटांना भेटली. पुन्हा गेली, पुन्हा आली. लाट परतायला किती वेळ लागतो, त्यावरून झोल कळतो. खाली दिपमालाच्या हातात घड्याळ होतं, वर जीवरामचे डोळे मिटलेले होते. दोन्ही काठांवर दीडशे माणसं गप्प. खानदेशात दीडशे माणसं जागेपणी गप्प बसल्याची दुसरी नोंद माझ्या ऐकण्यात नाही.

"वीतभर सोडा," जीवराम वरून म्हणाला.

दिपमालाच्या घड्याळाचंही तेच मत पडलं. उरलेल्या दोन तारांनाही तशीच थाप मिळाली, आणि साडेचारला तिन्ही भाऊ पक्के बांधले गेले.

आता एकच राहिलं होतं. वीज सोडण्याआधी मनोऱ्यांवर चढलेल्या प्रत्येकाने खाली येऊन स्वतःच्या तोंडाने नाव सांगायचं. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. हा नियम दिपमाला कोणासाठी मोडत नसे. अकरा माणसं चढली होती, दहा नावं आली. राहिला पल्याडच्या मनोऱ्यावरचा हितेंद्र.

"आबा, हितेंद्र कुठाय?"

"तो जेवस."

"जेवतोय? कोणी बसवलं?"

"लगीन लागनं ना? आमनी बी पंगत बसाडी दिन्ही."

चार पंचेचाळीस. "उठवा त्याला, आबा!"

"ताटवरतीन मानूस उठाडू?" आबांचा आवाज दुखावला होता. "वीज नही ऊनी तरी चाली. हाई पाप मन्हा हाते नही व्हवाव."

"नका उठवू. फोन त्याच्या कानाला लावा."

फोनमध्ये बराच वेळ चावण्याचा आवाज आला. मग भाकरीच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, "हितेंद्र... खाली उतरलोय... मॅडम, खूपच खाली."

दिपमालाने वहीत अकरावी खूण केली आणि सबस्टेशनला फोन लावला. चार त्रेपन्नला वीज सोडली. तारांवर काही दिसलं नाही. वीज कधी दिसत नसतेच, त्यामुळे बघणाऱ्यांची थोडी निराशा झाली.

जीवराम खाली येऊन तिच्याशेजारी उभा राहिला. पल्याडून पाण्याच्या मोटारीचा आवाज आला, पाठोपाठ दुसरीचा, आणि मग केळीच्या बागांमधून इतक्या मोटारी एकदम सुरू झाल्या की मोजता येईना.

"ताई," जीवराम म्हणाला, "बेस काम केलंत."

दिपमालाने मान हलवली. तिने अक्कांना भरिताचं झाकण काढायची खूण केली. मग सकाळी सातपासून उभी असलेली ती मुलगी होती तिथेच, वाळूत बसली.