चार मजल्यांचं पाणी

वनमाला परबला मासे आवडत, पण ताटात. हॉलमध्ये खिडकीखाली विटा-सिमेंटचं तळं बांधायचं, त्यात जिवंत मासे सोडायचे आणि ते खायचे तर नाहीतच, उलट त्यांनाच खायला घालायचं, हा प्रकार तिच्या डोक्यात कधी शिरलाच नाही. मालवणकडच्या बाईला असलं काही सांगून पटतं होय?

पण नवऱ्याने ऐकलं असतं तर तो लवू कसला! साकीनाक्याच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस रिटायर झाला आणि तिसऱ्याच आठवड्यात रिक्षातून विटा घेऊन आला. कांदिवलीतली जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली बिल्डिंग. परबांचं घर तळमजल्यावर. म्हणजे तळं गळलं तरी खाली भांडायला कोणी नाही, हा त्याचा मुद्दा. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, गुडघाभर खोल तळं त्याने बांधलं. आत निळ्या टाइल्स लावल्या, बादलीत स्पंज आणि खडी भरून फिल्टरही घरीच बनवला. मध्ये जाळी. एका बाजूला कानाजवळ लाल पट्टा असलेली दोन कासवं, दुसऱ्या बाजूला मासे, कारण माशांबद्दल कासवांचं मत वनमालासारखंच होतं. त्या जागी तिला डायनिंग टेबल हवं होतं. सहा वर्षं ती जमिनीवर बसून जेवत होती आणि बसताना एकदा तळ्याकडे रागाने बघत होती.

आणि आता लवू हॉस्पिटलात होता. छातीत कळ आली, तपासण्या झाल्या, तीन नळ्या बंद निघाल्या आणि बायपास झाली. मुलगा सुयोग बापाजवळ राहिला होता. वनमाला रोज दुपारी डबा घेऊन जायची आणि संध्याकाळी रिकामं घर उघडायची. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी लवूने काय सांगावं तिला? एफडीचे कागद? किल्ल्या? छे! म्हणाला, "माशांका चिमूटभरच घाल. चिमूटभर म्हणजे चिमूटभर गे."

आता चिमूटभर कसं घालायचं? दारात मांजर आलं तरी वनमाला त्याला अर्धं बांगड्याचं डोकं देणारी. ती तळ्याजवळ आली की मासे तोंडं उघडून धावत यायचे. तिला वाटायचं, मालक नाही म्हणून उपाशी राहिले बिचारे. मग मूठभर दाणे. सकाळी मूठ, संध्याकाळी मूठ. वर कासवांना चपातीचा तुकडा. आठ दिवसांत फिल्टर तुंबला आणि तळ्याचं पाणी ताकासारखं झालं.

शुक्रवारी लवूला सोडणार, असं बुधवारी सकाळी सुयोगचा फोन आला. वनमालाने देवापुढे साखर ठेवली, पदर खोचला आणि घर धुवायला काढलं. त्याच दिवशी नेमकी पाइपलाइनची दुरुस्ती होती, चोवीस तास पाणी बंद. सगळ्या बिल्डिंगने आदल्या दिवशी पिंपं, कळश्या, पातेली भरून ठेवली होती. वनमालानेही ठेवली होती. पण घर पुसता पुसता तिचं अर्धं पिंप संपलं आणि मग तिची नजर तळ्यावर गेली. लवू घरात पाऊल टाकल्यावर आधी कुठे जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याला हे गढूळ पाणी दिसलं तर?

तिच्या माहेरी विहिरीचं पाणी गढूळ झालं की आई घागरीत तुरटी फिरवायची. तासाभरात गाळ खाली, पाणी वर, अगदी काचेसारखं. वनमालाने फळीवरची तुरटी घेतली आणि तळ्यात फिरवली. काही झालं नाही. मग लवूची दाढीची तुरटीही घेतली, दोन्ही खलबत्त्यात कुटल्या आणि ओंजळभर पूड तळ्यात सोडून दिली. तिच्या हाताचा ना मिठाचा अंदाज चुकायचा ना तिखटाचा, तो नेमका इथे चुकला.

पाणी स्वच्छ झालं, यात वाद नाही. ती भाजी चिरून बाहेर आली तेव्हा तळाच्या निळ्या टाइल्स दिसत होत्या. आणि वर, पाण्याच्या अगदी कडेला, सगळे मासे तोंडं बाहेर काढून आ वासत होते. कल्ले धडधडत होते. सगळ्यात मोठा नारिंगी मासा एका कुशीवर कलला होता. लवू त्याला फोरमन म्हणायचा. दोन्ही कासवं दगडावर चढून बसली होती आणि डोळे घट्ट मिटून होती.

 तिथे तो छातीला टाके घालून पडलाय आणि इथे आपण त्याचा जीव घेतोय, असंच वनमालाच्या मनात आलं. मासे गेले तर लवूही, या विचाराचं पुढचं टोक तिने गिळून टाकलं.  तिने उरलेलं अर्धं पिंप टबात ओतलं, मासे गाळणीने उचलायला घेतले, पण टबात किती मावणार? आणि मग तळ्यात काय घालायचं? नळ कोरडा. गच्चीवरची टाकी सातलाच संपलेली.

ती दार उघडं टाकून जिन्यावर धावली. पहिल्या मजल्यावर द्रौपदी वाघमारेचं दार होतं आणि तिथे तिचे पाय अडखळले. कारण होतं. मागच्या उन्हाळ्यात वाघमाऱ्यांनी जिन्याखाली पाण्याचं एक पिंप ठेवलं होतं आणि वनमालाने त्यावरून सोसायटीत तक्रार केली होती, जिना काय तुमच्या बीडचा वाडा आहे का, इथपर्यंत बोलली होती. द्रौपदीने निमूटपणे पिंप उचललं होतं. तेव्हापासून दोघी समोर आल्या की नजर चुकवून पिशवी चाचपायच्या. पण आता मान-अपमान बघायला वेळ कुठला? तिने बेल दाबली.

"परबबाई? काय झालं? भाऊ बरे आहेत ना?" द्रौपदीने दार उघडताच विचारलं.

"ते बरे आहेत हो. मी माशांना मारलं!" म्हणून वनमाला दारातच रडायला लागली.

द्रौपदीची मुलगी किरण आतून आली. ती अंधेरीत एका लॅबमध्ये कामाला होती, पाण्याचेच नमुने तपासायची. त्या दिवशी तिची सुट्टी होती, हे वनमालाचं नशीब. मायलेकी खाली आल्या, किरणने तळ्यात लॅबमधली कागदाची पट्टी बुडवली आणि तिचा रंग बघून कपाळाला हात लावला.

"काकू, पाणी आंबट करून ठेवलंय तुम्ही. वाट लागली यार यांची! किती तुरटी घातली?"

वनमालाने ओंजळ दाखवली.

"एवढी? अहो, आख्खी बिल्डिंग दाढी करेल एवढ्यात!" किरण हसली आणि लगेच कामाला लागली. "हे बघा, अर्धं पाणी काढायचं. नवं घालायचं ते हळूहळू, एकदम नाही. आणि कालचं साठवलेलंच पाहिजे, त्यातला क्लोरीन उडालेला असतो. नळ चालू असता ना, तर तुम्ही तेच भसकन सोडलं असतं आणि सगळे खपले असते."

"पण साठवलेलं आणू कुठून गं? माझं संपलं."

किरणने आईकडे बघितलं. द्रौपदी वर गेली आणि तांब्याची भरलेली कळशी कमरेवर घेऊन खाली आली. वनमाला घाईने आपली बादली पुढे करून म्हणाली, "ओता ह्यात."

"ओतणार नाही," द्रौपदी म्हणाली. "कळशीच घ्या हातात."

"अहो, बादली आहे ना माझी."

"असू दे. आमच्या सासूबाईंना गावात विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. त्या खाली उभ्या राहायच्या आणि कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. त्या आम्हा सुनांना सांगून गेल्यात, पाणी मागायला कोणी आलं तर वरून ओतायचं नाही, भांडंच हातात द्यायचं. माझ्या घरात तसंच चालतं. घ्या."

वनमालाने दोन्ही हातांनी कळशी घेतली. ती जड होती. मागच्या उन्हाळ्यातले स्वतःचे शब्द तिला आठवले आणि मान वर करवेना. "द्रौपदीताई, मी तेव्हा फार वाईट बोलले," ती म्हणाली.

"बोललात तर. मला राग आला होता, अजून आहे थोडा. आधी मासे बघा."

मग द्रौपदीच पुढे झाली. तिने जिन्यात उभं राहून असा काही आवाज दिला की चौथ्या मजल्यापर्यंत दारं उघडली. दुसऱ्या मजल्यावरचा जयवंत दोन बादल्या घेऊन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या सपनाकडे तान्हं बाळ, तरी तिने दुधाच्या पातेल्यातून पाणी पाठवलं. चौथ्या मजल्यावरच्या रुक्मिणीआजींनी, गुडघे धरलेले असताना, वरून दोरीला बांधून पाण्याचा डबा सोडला आणि ओरडून विचारलं, "कासवं तरी जिवंत आहेत का गं?" प्रत्येकाच्या घरात दिवसभराचं मोजकं पाणी, स्वयंपाक व्हायचा, भांडी पडलेली. कोणी एकानेही विचारलं नाही की माशांसाठी कशाला.

किरण तासभर तळ्याच्या कठड्यावर बसून होती. तांब्या तांब्याने पाणी घालायची, चिमूटभर खायचा सोडा टाकायची, पट्टी बुडवायची. वनमाला तिच्या शेजारी बसून बादलीने जुनं पाणी उपसत होती आणि प्रत्येक माशाकडे डोळे लावून होती. दुपारपर्यंत एकेक मासा खाली जाऊन पोहायला लागला. कासवांनी डोळे उघडले. त्यातल्या एकाने सपनाच्या घरच्या पाण्यात धपकन उडी मारली आणि किरणच्या तोंडावर पाणी उडवलं. वनमाला हसली आणि हसता हसता परत रडली. तिने किरणचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. "पोरी, तुझे उपकार मी कुठे फेडू?" ती म्हणाली. "काकू, चहा टाका," किरण म्हणाली.

फोरमन मात्र वाचला नाही. ज्या बाईने आजवर हजारो मासे साफ केले, तिने त्याला कोऱ्या रुमालात गुंडाळून कंपाउंडातल्या आंब्याखाली पुरलं आणि वर दोन जास्वंदी ठेवल्या.

शुक्रवारी दुपारी लवू घरी आला. सुयोगने त्याला रिक्षातून धरून आणलं. हॉस्पिटलवाल्यांनी खोकला किंवा हसू आलं तर छातीला धरायला एक उशी दिली होती, ती त्याने कवटाळली होती. तो खुर्चीवर बसायच्या आधी तळ्यापाशी गेला. एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"फोरमन खंय गेलो?"

वनमालाने ठरवलं होतं की आठ दिवस सांगायचं नाही. त्याच्या जिवाला धक्का नको, असं सुयोगनेही बजावलं होतं. पण लवूच्या बारीक झालेल्या तोंडाकडे बघून तिला खोटं बोलवेना. तिने सगळं सांगितलं, मूठभर दाणे, खलबत्ता, तुरटी, कळशी, दोरीवरून आलेला डबा, सगळं.  लवू तळ्याच्या कठड्यावर बसून राहिला आणि वनमालाचा जीव टांगणीला लागला.

एवढ्यात बिल्डिंग लवूला बघायला आली. आणि बघायला म्हणजे काय! जयवंत आला तो सरळ तळ्यावर वाकला. सपनाने बाळाला कासवं दाखवली. द्रौपदी आणि किरण आल्या, किरणने आधी पट्टी बुडवली आणि "झकास!" म्हणून जाहीर केलं. पेशंट बाजूला उशी धरून उभा, त्याची कोणाला शुद्धच नाही.

"अरे, माका बघूक इलास की माशांका?" लवू म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. उशी घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. मग त्याने द्रौपदीपुढे हात जोडले. वनमालानेही जोडले. "तुमच्यामुळे हा माणूस आज हसतोय," ती द्रौपदीला म्हणाली. द्रौपदीने तिचे जोडलेले हात सोडवले आणि आपल्या हातात धरून ठेवले.

सगळे गेल्यावर लवू हळूच म्हणाला, "खरा सांगू? ऑपरेशनाक नेताना माझ्या मनात एकच होता. मी गेलंय तर ही दुसऱ्या दिवसाक तळा फोडून डायनिंग टेबल आणतली."

"आणतलंयच होतंय," वनमाला म्हणाली. तिने चिमूटभर दाणे घेतले, पुन्हा बघून त्यातले निम्मे डब्यात टाकले आणि उरलेले पाण्यावर सोडले. "आता कशी फोडतलंय? सगळ्यांच्या घरचा पाणी आसा त्यात."