दुसऱ्या ट्रान्झिस्टरचं काम

ऊसतोडीला निघायच्या तोंडावर दगडाबाई तिसऱ्यांदा वर्षाराणीच्या दुकानात आली आणि तिनं दिवा टेबलावर ठेवला.

"पुन्ना जळाला बग. बॅटरी फुल केली की लगीच जातोय. तकडं फडावरच्या कोपीत पोरं अंधारात बसतील, बाई."

वर्षाराणीचा चेहरा उतरला. नांदूरघाटात फवारणीचे पंप अन् बॅटरीचे दिवे ती एकटीच दुरुस्त करायची. एलईडीला एक रेझिस्टन्स जोडून तिनं हा दिवा केला होता. पण बॅटरी ताजी असली की करंट बेसुमार चढायचा.

"कावून डोकं शिणवतीस? तयार बोर्ड आण," शेजारी जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरणारा धर्मराज म्हणाला.

"आणला, तरी कळाय नको का, तो कसा चालतो ते?"

भंगारातल्या एका चांगल्या दिव्याचा बोर्ड तिच्याकडं होता. त्यावर दोन ट्रान्झिस्टर होते, एक मोठा, एक बारका. मोठ्यातून एलईडीचा करंट जायचा, हे तिला ठाऊक होतं. बारका कशाला, ते कळेना. तिनं तो काढला, बॅटरी जोडली. एलईडी भपकन पेटला आणि गेला.

मग तिनं बारका परत बसवला, नवा एलईडी लावला आणि मोठ्याखालच्या रेझिस्टन्सवर मीटर धरला. ०.६ व्होल्ट. चार्जर लावून बॅटरी बारावरून चौदावर नेली. तरी ०.६ च!

ती ताडकन उठली. करंट वाढून तिथं ०.६ व्होल्ट झाले की बारका जागा होतो आणि मोठ्याला चालू ठेवणारा बेसचा करंट स्वतःकडं ओढून घेतो. मोठा आपोआप आवरतो. म्हणजे ०.६ ला रेझिस्टन्सनं भागलं की किती करंट जाईल ते आधीच ठरतं!

तिला १२० मिलिअँपिअर हवे होते. म्हणजे पाच ओहम. डब्यात दहाचे दोन होते, ते समांतर जोडून पाच केले. दुपारपर्यंत नवा दिवा तयार झाला.

दगडाबाई आणि धर्मराजच्या देखत तिनं चार्जर चालू ठेवूनच, करंट मोजायला मीटर मधे घालून तो जोडला. लख्ख उजेड पडला. मग एलईडीच्या दोन्ही वायरी तिनं एकमेकींना टेकवल्या.

"आगं, शॉर्ट करतीस व्हय!" धर्मराज ओरडला.

एलईडी विझला, पण मीटरचा काटा १२० वर ठाम उभा. वायरी सोडल्या, दिवा पुन्हा तसाच लख्ख.

"आता जळतोय का बगा!" वर्षाराणी मोकळं हसली.

"सगळ्या टोळीला करून दे, धा दिवं," दगडाबाई म्हणाली.

धर्मराजनं स्टूल पुढं ओढलं. "त्यो बारका नेमकं काय करतो, मला बी सांग की."

तिनं पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि पहिली रेघ ओढली.